हैतीचा ध्वज आणि हैतीची माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हैती या कॅरिबियन देशाच्या क्रेयोल भाषेत ध्वजाला ‘द्रापो’ म्हणतात. शाळेचा प्रकल्प, प्रश्नमंजुषा, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन किंवा प्रत्यक्ष ध्वज शिवायचं काम हाती घेतलेल्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. हैतीच्या माणसाला ध्वजाचा अर्थ विचारला, तर बहुतेक वेळा तो रंगांपासून सुरुवात करत नाही. आधी तो फाडल्याची आणि शिवल्याची गोष्ट सांगतो.

ध्वज नेमका कसा आहे?

सारख्या उंचीचे दोन आडवे पट्टे, वर निळा आणि खाली लाल. मधोमध पांढरा चौकोन आणि त्यात राष्ट्रचिन्ह. उंची आणि लांबीचं प्रमाण ३:५. १९८७ च्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात पट्टे, चौकोन आणि चिन्हाचं वर्णन आहे. घटनेत ‘चौरस’ असा शब्द असला तरी प्रत्यक्षात बहुतेक ध्वजांवर तो भाग किंचित आडवा आयत दिसतो. दोन्ही तऱ्हेचे ध्वज पाहायला मिळतात, तेव्हा एवढ्यावरून कुणाचा ध्वज चुकीचा ठरवू नका.

संगणकावर काढायचा असेल तर सर्रास वापरली जाणारी आरजीबी मूल्यं अशी : निळा ०, ३२, १५९ आणि लाल २१०, १६, ५२. निळा गडद हवा. आकाशी घेतला की ध्वज ओळखू येईनासा होतो.

काही ठिकाणी चिन्ह नसलेला साधा निळा-लाल ध्वज दिसतो. तो चुकीचा आहे का?

नाही. साधा द्विरंगी ध्वज नागरिकांचा, चिन्हाचा ध्वज शासनाचा, अशी विभागणी आहे. मात्र लोक रोजच्या वापरात ती फार पाळत नाहीत. मिरवणुकीत, सामन्याला, गाडीच्या आरशाला टांगलेले छोटे ध्वज बहुधा चिन्हासकटच असतात. साधा ध्वज लावताना निळा वर आहे ना, एवढं मात्र दोनदा बघा. चिन्ह नसल्यामुळे उलटा लागला तरी चटकन कळत नाही, आणि सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे.

१८ मे १८०३ ला काय घडलं?

त्या वेळी हा देश सँ-दोमिंग नावाची फ्रेंच वसाहत होता. साखर आणि कॉफीच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ मध्ये नेपोलियनने मोठं सैन्य धाडलं. गुलामगिरी परत येणार हे उघड झाल्यावर, तोवर वेगवेगळे लढणारे, कधी एकमेकांशीही लढलेले दोन गट जवळ आले. एका बाजूला झां-झाक देसालीन यांच्या नेतृत्वाखालचे कृष्णवर्णीय सेनानी, तर दुसऱ्या बाजूला आलेक्झांद्र पेत्यों यांच्यासारखे मिश्रवंशीय अधिकारी.

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या उत्तरेला किनाऱ्यावर आर्काए नावाचं गाव आहे. मे १८०३ मध्ये तिथे या सेनानींची बैठक झाली आणि देसालीन यांना सरसेनापती मानण्यात आलं. परंपरा सांगते, की बैठकीच्या शेवटच्या दिवशी, १८ मे रोजी, देसालीन यांनी फ्रेंच तिरंगी ध्वज हातात घेतला, मधला पांढरा पट्टा फाडून काढला आणि उरलेले निळा व लाल तुकडे कातरीन फ्लों या तरुणीला जोडायला दिले.

तोवर बंडखोरही फ्रेंच तिरंगाच घेऊन लढत होते. त्यामुळे ‘यांना स्वातंत्र्य नकोच आहे, हे फ्रान्सचेच आहेत’ असा प्रचार फ्रेंचांना करता येत होता. नव्या ध्वजाने ते तोंड बंद केलं. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबर १८०३ ला, व्हेर्त्येरच्या लढाईत फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह शहरात स्वातंत्र्य जाहीर झालं.

ही गोष्ट इतिहास आहे की आख्यायिका?

आर्काएची बैठक आणि तिथे झालेली एकी हा इतिहास आहे. फाडण्या-शिवण्याचा तपशील मात्र पिढ्यान् पिढ्या तोंडी आलेला आहे, आणि पांढरा पट्टा नेमका कधी, कुठे काढला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सुरुवातीचे पट्टे आडवे नसून फ्रेंच ध्वजासारखे उभे होते, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. लिहिताना ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द घातलात तर कुणाचा अनादरही होत नाही आणि चूकही होत नाही.

कातरीन फ्लों या देसालीन यांच्या धर्मकन्या होत्या असं मानतात. दहा गूर्दच्या (गूर्द हे हैतीचं चलन) एका जुन्या नोटेवर ध्वज शिवणाऱ्या फ्लों यांचं चित्र होतं. शाळांच्या कार्यक्रमांत एखादी मुलगी सुई-दोरा घेऊन त्यांची भूमिका करते. आंतरजालावर त्यांची गल्लत अनेकदा सेसील फातिमान यांच्याशी होते. फातिमान यांचं नाव १७९१ च्या उठावाआधी ब्वा कायमान इथे झालेल्या विधीशी जोडलेलं आहे. शिवणकामाशी त्यांचा संबंध नाही.

निळा म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय?

निळा आकाशाचा, लाल रक्ताचा, असं सरधोपट उत्तर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हैतीतलं प्रचलित उत्तर वेगळं आहे : निळा कृष्णवर्णीयांचा, लाल मिश्रवंशीयांचा, आणि दोघांमध्ये शिवण. मधला गोरा मालक काढून टाकला आणि ज्यांना त्याने एकमेकांविरुद्ध वापरलं ते दोघे एकमेकांना जोडले गेले, असा हा अर्थ आहे.

फ्रान्समध्ये मात्र या पांढऱ्या पट्ट्याचा कातडीच्या रंगाशी काहीच संबंध नव्हता. तिथे पांढरा राजघराण्याचा आणि निळा-लाल पॅरिस शहराचा. म्हणजे रंग फ्रेंचांचेच राहिले, अर्थ तेवढा हैतीच्या लोकांनी स्वतःचा भरला. आमच्या मते या ध्वजाचं सगळं मोल इथेच आहे.

पांढरा फाडून काढला, तर मध्ये पुन्हा पांढरा चौकोन कसा?

हा प्रश्न हैतीतली मुलंही विचारतात. तो चौकोन फक्त चिन्हाची पाटी आहे. निळ्या-लालवर हिरवं झाड आणि पितळी तोफा दिसल्या नसत्या. घटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राष्ट्रीय रंग दोनच आहेत, निळा आणि लाल. म्हणून ‘हैतीच्या ध्वजात तीन रंग आहेत’ असं प्रश्नमंजुषेत लिहू नका.

काळा-लाल ध्वज कुठला? जुन्या नकाशांत आणि निदर्शनांच्या छायाचित्रांत तो दिसतो.

याचं उत्तर लांब आहे, कारण हैतीचा अंतर्गत वाद दोनशे वर्षं या एका रंगाभोवती फिरतो आहे.

देसालीन यांनी १८०५ च्या राज्यघटनेत राष्ट्रीय रंग काळा आणि लाल ठरवले. पट्टे उभे, काळा काठीकडे. त्याच घटनेच्या चौदाव्या कलमात असं होतं, की यापुढे सर्व हैतीवासी ‘काळे’ या एकाच नावाने ओळखले जातील. त्यात नागरिकत्व मिळालेले पोलिश आणि जर्मनही आले. म्हणजे तो काळा कातडीचा रंग सांगत नव्हता. जो स्वातंत्र्याच्या बाजूचा तो काळा, अशी ती नागरिकत्वाची व्याख्या होती. हे कलम माहीत नसलेला माणूस काळा-लाल ध्वज पाहून त्याला नुसता वर्णाभिमान समजतो.

१७ ऑक्टोबर १८०६ ला पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ पाँ-रूज इथे देसालीन यांची हत्या झाली आणि देश दुभंगला. दक्षिणेत पेत्यों यांच्या प्रजासत्ताकाने निळा-लाल परत आणला, या वेळी आडवा, आणि मध्ये चिन्ह घातलं. उत्तरेत आंरी क्रिस्तोफ यांनी काळा-लाल चालू ठेवला. ते १८११ मध्ये राजे झाले. १८२० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर झां-प्येर ब्वाये यांनी उत्तर-दक्षिण एक केली आणि निळा-लाल सगळ्या देशाचा झाला.

तो थेट १९६४ पर्यंत टिकला. त्या वर्षी फ्रांस्वा द्युव्हालिए यांनी स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं आणि ध्वजही बदलला : पुन्हा काळा-लाल, उभा. आपण देसालीन यांचे वारस आहोत, मिश्रवंशीय उच्चभ्रूंची सद्दी संपली, असा त्यामागचा दावा होता. प्रत्यक्षात त्या ध्वजाखाली तोंतों माकूत या खाजगी दलाने लोकांना छळलं, मारलं, देशोधडीला लावलं. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकात हैतीचा संघ पहिल्यांदा उतरला, तेव्हाही देशाचा ध्वज काळा-लालच होता.

७ फेब्रुवारी १९८६ ला मुलगा झां-क्लोद द्युव्हालिए देश सोडून पळाला. २५ फेब्रुवारीला निळा-लाल अधिकृतपणे परत आला, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांत. राज्यघटना मंजूर व्हायला त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ लागला. ध्वजाला लोक थांबायला तयार नव्हते.

आज निदर्शनांत काळा-लाल दिसला तर दोन शक्यता असतात. कुणी देसालीन यांची आठवण म्हणून, ‘१८०६ मध्ये अर्धवट राहिलेलं काम’ म्हणून तो उचलतं. ज्यांच्या घरातलं माणूस द्युव्हालिएंच्या काळात नाहीसं झालं, त्यांना मात्र तोच ध्वज पाहवत नाही. छायाचित्राखाली ओळ लिहिताना तो कोणत्या गटाने, कशासाठी धरला आहे हे पाहूनच लिहा.

मधल्या चिन्हात काय काय आहे?

मध्यभागी ताडाच्या जातीचं एक झाड, त्याच्या शेंड्यावर स्वातंत्र्याची टोपी. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची ती जुनी युरोपीय खूण. झाडाच्या दोन्ही बाजूंना राष्ट्रध्वज, पायाशी दोन तोफा, तोफगोळे, ढोल, तुताऱ्या, संगिनी लावलेल्या बंदुका, जहाजाचे नांगर. खाली हिरवळ आणि त्यावर तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे. या साखळ्या लहान आकारात काढताना बहुतेक चित्रकार गाळतात. कृपा करून गाळू नका, जागा नसेल तर एखादा ढोल कमी करा.

खालच्या पांढऱ्या फितीवर फ्रेंचमध्ये ‘ल्युनियों फे ला फोर्स’, म्हणजे एकीत बळ आहे, असं लिहिलेलं असतं.

मग हेच हैतीचं राष्ट्रीय ब्रीदवाक्य का?

नाही, इथे फार घोळ होतो. हे चिन्हावरचं वाक्य. घटनेच्या चौथ्या कलमातलं ब्रीद ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे आहे. लोकांच्या तोंडी एकीसाठी वेगळीच म्हण आहे, ‘मेन आंपिल, शाय पा लू’, म्हणजे हात पुष्कळ असले की ओझं जड राहत नाही. आपल्याकडच्या ‘गाव करी ते राव न करी’च्या जवळची.

हा तूसां लुव्हेर्त्यूर यांचा ध्वज आहे, असं म्हणतात. खरं का?

नाही. तूसां क्रांतीचे सर्वांत प्रसिद्ध नेते खरे, पण १७९४ पासून ते फ्रेंच तिरंग्याखालीच लढले. जून १८०२ मध्ये त्यांना दगाफटका करून पकडण्यात आलं आणि ७ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या फोर द झू किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. आर्काएची बैठक त्यानंतर सहा आठवड्यांनी झाली.

या ध्वजाचा दुसऱ्या देशांच्या ध्वजांशी काही संबंध आहे का?

तीन देशांशी आहे. शेजारचं डोमिनिकन प्रजासत्ताक १८२२ ते १८४४ हैतीच्या ताब्यात होतं. ते वेगळं झालं तेव्हा हैतीच्याच निळ्या-लाल ध्वजावर पांढरा क्रूस घालून त्यांनी आपला ध्वज केला. हैतीने पांढरा काढून वेगळेपण सांगितलं होतं, त्यांनी पांढरा घालून. व्हेनेझुएलाचा पिवळा-निळा-लाल ध्वज फ्रान्सिस्को द मिरांदा यांनी १२ मार्च १८०६ ला हैतीच्या झाकमेल बंदरात पहिल्यांदा फडकवला. लिख्टेनश्टाइनचं प्रकरण योगायोगाचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये दोन्ही देशांचे साधे द्विरंगी ध्वज सारखेच निघाले, म्हणून पुढच्या वर्षी लिख्टेनश्टाइनने आपल्या ध्वजावर मुकुट घातला.

ध्वजदिन कसा साजरा करतात?

१८ मे ही सार्वजनिक सुट्टी असते. क्रेयोलमध्ये ‘जू द्रापो’. अधिकृत नाव ‘ध्वज आणि विद्यापीठ दिन’ असं जोडनाव आहे. शाळांची संचलनं, बँडपथकं, निळे-लाल कपडे, ‘ला देसालिनियेन’ हे १९०४ पासूनचं राष्ट्रगीत. मुख्य मान आर्काएचा. पण गेल्या काही वर्षांत राजधानीतून उत्तरेला जाणाऱ्या महामार्गावर सशस्त्र टोळ्यांचा वावर आहे, त्यामुळे तिथला शासकीय सोहळा आता गृहीत धरता येत नाही. ज्या गावात ध्वज जन्मला तिथेच तो निर्धास्तपणे फडकवता येऊ नये, याचं दुःख हैतीची माणसं दरवर्षी बोलून दाखवतात.

परदेशातले हैतीवासी ध्वज एवढा अंगाखांद्यावर का मिरवतात?

कारण एके काळी तो लपवावा लागला होता. १९८० च्या दशकात होड्यांतून फ्लोरिडाला येणाऱ्यांची हेटाळणी व्हायची. त्यातच १९८३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने हैतीच्या लोकांना एड्सचा ‘धोका असलेला गट’ म्हणून यादीत घातलं. ते नाव १९८५ मध्ये काढलं, पण डाग राहिला. मायामी आणि ब्रुकलिनच्या शाळांत हैतीची मुलं आपण कुठले हे सांगायची टाळत. १९९० मध्ये हैतीच्या लोकांचं रक्तदान नाकारणारं धोरण आलं, तेव्हा २० एप्रिलला हजारोंच्या संख्येने लोक ब्रुकलिन पूल ओलांडून चालत गेले. पुढे १९९७ च्या ग्रॅमी सोहळ्यात गायक वायक्लेफ जीन अंगावर हैतीचा ध्वज घेऊन आला. लपवाछपवी करत वाढलेल्या पिढीला तो क्षण अजून आठवतो.

म्हणून मे महिन्यात ब्रुकलिन, मायामीचं लिटिल हैती, बॉस्टन, माँट्रियल इथे कपाळाला ध्वजाचा रुमाल बांधलेली माणसं दिसतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला, नेमक्या व्हेर्त्येरच्या दिवशी, हैतीचा संघ १९७४ नंतर प्रथमच फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला. या वेळी ध्वज निळा-लाल होता.

वोदू विधीतले टिकल्यांचे झगमगते ध्वज म्हणजे हाच का?

नाही, पण त्यांनाही ‘द्रापो’च म्हणतात. वोदू हा हैतीतला आफ्रिकी मुळांचा धर्म. विधीच्या सुरुवातीला ध्वजधारी ते घेऊन येतात आणि त्यांच्यासोबत तलवारधारी ‘लाप्लास’ असतो. प्रत्येक ध्वज एखाद्या ल्वाचा, म्हणजे दैवताचा असतो. लोखंड आणि युद्धाचा ल्वा ओगू याचा लाल रंग, आणि काही ठिकाणी निळा-लाल, राष्ट्रध्वजाशी जुळतो. हा योगायोग नाही, असं अनेक भाविक मानतात.

करण्याची रीत अशी : कापड किंवा गोणपाट लाकडी चौकटीवर ताणून पेन्सिलीने आकृती काढायची. सुई खालून वर टिकलीतून, मग बारीक मण्यातून, आणि परत त्याच टिकलीतून खाली. मणी टिकलीला धरून ठेवतो. चौकट सैल असली की टिकल्या एका बाजूला कलतात आणि चमक तुटक दिसते. लग्नाच्या पोशाखांच्या कारखान्यात काम केलेल्या मिर्लांद कोंस्तां यांनी आकड्याने मणी भरण्याचं तंबूर तंत्र यात आणलं. आपल्याकडच्या आरी कामाचंच ते भावंड आहे.

घरी राष्ट्रध्वज शिवायचा असेल तर?

९० × १५० सेंमीचा धरू. तयार पट्टा ४५ सेंमी उंच हवा. मधल्या शिवणीला दीड आणि बाहेरच्या दुमडीला तीन सेंमी धरून ४९.५ सेंमी कापा. लांबीत मोकळ्या टोकाला तीन आणि काठीच्या नेफ्याला पाच, म्हणजे १५८ सेंमी. ११२ सेंमी पन्ह्याचं पॉपलीन प्रत्येक रंगाचं १.६ मीटर आणलंत तर दोन ध्वज होतात.

कापण्याआधी लाल कापड वेगळं, थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. न धुता शिवलं तर पहिल्याच पावसात रंग उतरून पांढरा चौकोन गुलाबी होतो. आधी पट्टे जोडा, शिवण निळ्याकडे दुमडून इस्त्री करा, मग चौकोन लावा. त्याची उंची एका पट्ट्याहून जास्त नको आणि शिवणीच्या वर-खाली तो सारखा यायला हवा. चिन्ह एकाच बाजूला छापलं तर मागून अक्षरं उलटी दिसतात, म्हणून दोन चौकोन छापून दोन्ही बाजूंना लावा. मोकळं टोक वाऱ्याने सर्वांत आधी उसवतं, तिथे निदान तीन टिपा मारा.

भिंतीवर उभा टांगायचा असेल तर साधा द्विरंगी वापरा आणि निळा पाहणाऱ्याच्या डावीकडे ठेवा. चिन्हाचा ध्वज उभा टांगला की झाड आडवं पडतं.

भारतातल्या कार्यक्रमात तिरंग्यासोबत लावताना काय पाहायचं?

भारतीय ध्वजसंहितेनुसार ओळीत तिरंगा पाहणाऱ्याच्या अगदी डावीकडे येतो आणि नंतर इतर देश इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने. काठ्या स्वतंत्र आणि आकार सारखा. तिरंगा २:३, हैतीचा ३:५, त्यामुळे उंची सारखी ठेवली की हैतीचा ध्वज थोडा लांब दिसेल. तो कापू नका. तिरंगा आधी चढवायचा, शेवटी उतरवायचा.

ध्वजाचा रुमाल बांधणं हैतीत अपमान समजतात का?

तिरंग्याच्या रुमालाला आपल्याकडे मनाई आहे, म्हणून मराठी वाचकांना हे खटकतं. हैतीच्या लोकांत तो जिव्हाळा आहे. कुणी तुम्हाला तसा रुमाल दिला तर घ्या आणि बांधा.

१८ मे ला हैतीच्या मित्राला काय म्हणावं?

‘बॉन फेत द्रापो!’ उत्तरादाखल बहुधा तो तुम्हाला जेवायला बोलावेल.